वजनगटापायी पोरं उपाशी ठेवू नका : खेळाडू मुलामुलींच्या खाण्याबद्दल पालक, वस्ताद आणि क्रीडा शिक्षकांसाठी माहिती

केम (ता. करमाळा) : शालेय स्पर्धांचा हंगाम जवळ आला की तालमीत आणि शाळेच्या मैदानावर एकच प्रश्न कानावर पडतो, "वजन किती भरलं?" दोन किलो जास्त भरलं की पोराचं जेवण तोडायचं, पाणी तोडायचं आणि अंगात रेनकोट घालून उन्हात पळवायचं, हा उपाय अनेकांना साधा वाटतो. चार दिवसांचा तर प्रश्न आहे, नंतर खाईल पोटभर, असं म्हणून विषय सोडून दिला जातो. पण वाढत्या वयात हे चार दिवस पुन्हा पुन्हा आले की त्यातून खाण्याचा आजार लागू शकतो, हाडं कच्ची राहतात, मुलींची पाळी बंद पडते आणि उन्हाळ्यात तर जिवावर बेतू शकतं. म्हणून या विषयाची माहिती एका जागी देत आहोत.

फडात काटा नव्हता

आपल्याकडं कुस्ती जुनी आहे, पण वजनकाटा नवा आहे. यात्रेच्या फडात पंच दोन पैलवान शेजारी उभे करतात, अंगापिंडाचा अंदाज घेतात आणि जोड लावतात. तिथं कुणी काट्यावर उभं राहत नाही. उलट अंग भरावं म्हणून दूध, तूप, बदामाची थंडाई, अंडी, मटण असा खुराक पैलवानाला दिला जातो.

मॅटवरच्या कुस्तीत हे बदललं. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील वयोगटांत होतात आणि कुस्तीत प्रत्येक वयोगटात वजनगट असतात. कबड्डीतही किशोर आणि कुमार गटाला वयाबरोबर वजनाची मर्यादा असते. ज्युदो, बॉक्सिंग, तायक्वांदो, वेटलिफ्टिंग या खेळांतही तसंच. तालुक्याहून जिल्हा, तिथून विभाग, मग राज्य अशी पायरी चढायची, दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळवायचे आणि पुढं सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणात बसायचं, हा हिशेब घराघरात आहे. त्यात गैर काही नाही. गरीब घरातल्या पोराला यातून खरंच वाट मिळते. पण "खालच्या गटात उतरलं की जोडीदार हलका मिळेल" हा हिशेब त्याच्या जोडीला येतो आणि घोटाळा तिथं सुरू होतो. कारण समोरचाही वरच्या गटातून वाळूनच खाली आलेला असतो. दोघंही अशक्त, दोघंही तहानलेले. फायदा कुणाचाच नाही.

खाशाबा वर गेले, तेव्हा पदक आलं

या विषयावर बोलताना आपल्या मातीतलं उदाहरण आधी बघू. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला फ्लायवेट म्हणजे ५२ किलो गटात खेळले आणि सहावे आले. चार वर्षांनी, १९५२ मध्ये हेलसिंकीला ते बँटमवेट म्हणजे ५७ किलो गटात उतरले आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. मॅटचा सराव आणि अनुभव वाढला हे तर खरंच, पण वजनगट वर गेल्यानं त्यांचं काही अडलं नाही हेही तितकंच खरं. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस आता राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो.

बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक जिंकला. पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत त्यानं कांस्य मिळवलं ते ६१ किलो गटात. ६१ हा ऑलिंपिकमधला गट नाही, पण जागतिक पदक हे जागतिक पदकच असतं.

आता उलटं उदाहरण. हरियाणाची विनेश फोगाट टोकियो ऑलिंपिकला ५३ किलोत खेळली होती. पॅरिसला तिला ५० किलोत उतरावं लागलं. ६ ऑगस्ट २०२४ ला तिनं तीन कुस्त्या जिंकल्या आणि अंतिम फेरी गाठली. कुस्त्यांच्या मधे ताकदीसाठी जे खाल्लं-प्यालं त्यानं वजन वाढलं. रात्रभर घाम काढला, केससुद्धा कापले. तरी ७ ऑगस्टच्या सकाळी काटा ५०.१ वर थांबला. शंभर ग्रॅममुळं ती बाद झाली आणि अंगातलं पाणी कमी झाल्यानं तिला दवाखान्यात न्यावं लागलं. त्याच स्पर्धेत ५७ किलो गटातल्या अमन सेहरावतनं कांस्यपदकाच्या लढतीआधी सुमारे दहा तासांत साडेचार किलोपेक्षा जास्त वजन उतरवलं आणि पदक जिंकलं. सगळीकडं कौतुक झालं. पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत तोच अमन वजन १.७ किलो जास्त भरल्यानं न खेळताच बाद झाला.

हे दोघं मोठे खेळाडू. त्यांच्यामागं डॉक्टर, आहारतज्ज्ञ, मसाज करणारे अशी सगळी फौज होती. तरी असं घडलं. आपल्या गावातल्या चौदा वर्षांच्या पोरामागं कोण असतं? एक वस्ताद आणि एक मोबाईलवरचा व्हिडिओ.

अमेरिकेत १९९७ साली नोव्हेंबर-डिसेंबरच्या जेमतेम महिन्याभरात महाविद्यालयीन तीन पैलवान वजन उतरवताना दगावले. गरम जागेत, रबरी कपडे घालून व्यायाम आणि पाणी बंद, हाच प्रकार होता. त्यानंतर तिथं नियम बदलले. रबरी सूट आणि वाफेच्या खोल्या बंद झाल्या, वजन कुस्तीच्या अगदी जवळच्या वेळेला घेऊ लागले. पुढं शाळेतल्या पैलवानांसाठीही नियम आला की आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्यापेक्षा जास्त घट करायची नाही. म्हणजे ५० किलोच्या पोराला आठवड्यात पाऊण किलो. त्यातही अंगात पाणी आणि चरबी किती आहे हे आधी तपासूनच. आपल्याकडं दोन दिवसांत तीन किलो उतरवतात, त्याच्याशी हे ताडून बघा.

अंगात नेमकं काय होतं

दोन दिवसांत उतरलेलं वजन म्हणजे चरबी नव्हे, बहुतेक पाणीच असतं. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झालं की दम आणि लक्ष दोन्ही कमी होतं. ५० किलोच्या मुलात हे एक लिटरच झालं. त्यापुढं रक्त घट्ट होतं, हृदयावर ताण येतो, मूत्रपिंडाला रक्त कमी पोचतं आणि घाम येणं मंदावल्यानं अंग आतून तापत जातं. आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, तेव्हा हा उष्माघाताचा सरळ रस्ता आहे.

जुलाबाच्या किंवा लघवी होण्याच्या गोळ्या घेण्याचा प्रकार तर आणखी वाईट. त्यानं अंगातले क्षार निघून जातात आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. शिवाय लघवीच्या गोळ्या उत्तेजक विरोधी नियमांत बंदी असलेल्या यादीत आहेत. तपासणीत सापडलं तर बंदी येते, मग वजनगट कुठला आणि खेळ कुठला.

शेतकऱ्याला समजेल असं सांगायचं तर डाळिंबाच्या बागेला आपण बहारासाठी पाणी तोडून ताण देतो. पण कुठल्या झाडाला? ज्याच्या खोडात-फांदीत अन्न साठलंय त्या वाढलेल्या झाडाला. नुकत्या लावलेल्या रोपाला कुणी ताण देत नाही, ते वाळून जातं. चौदा वर्षांचं पोर हे रोप आहे.

सराव भरपूर आणि खाणं कमी असं महिनोन्‌महिने चाललं तर शरीर काटकसर करायला लागतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये या अवस्थेला 'रेड-एस' असं नाव दिलं. सोप्या भाषेत, खेळाडूच्या अंगातला ऊर्जेचा तुटवडा. यात उंची आणि ताकद वाढत नाही, हाडं ठिसूळ होतात, वारंवार सर्दी-ताप येतो, दुखापत लवकर भरत नाही, चिडचिड होते. हा त्रास मुलग्यांनाही होतो. आणि बारीक पोरालाच होतो असं नाही, अंगानं भरलेल्या पोरालाही होतो.

मुलींचं वेगळं लक्ष ठेवा

मुलीची पाळी सलग तीन महिने आली नाही, किंवा पंधरा वर्षं पूर्ण होऊनही सुरूच झाली नाही, तर ते "खेळते म्हणून होतं" असं म्हणून सोडू नका. शरीराला अन्न पुरत नाही याची ती खूण असू शकते. दुसरंही कारण असू शकतं, म्हणून डॉक्टरांना दाखवायलाच पाहिजे. पाळी बंद राहिली की हाडांना लागणारं संप्रेरक कमी पडतं आणि पायाच्या नळीला, पावलाला बारीक चिरा पडतात. पोलीस भरतीसाठी रोज ८०० मीटरचा सराव करणाऱ्या मुलीची नडगी सारखी दुखत असेल, तर तेल लावून भागणार नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींच्या अंगात रक्त कमी आहे. त्यात घरात मुलीनं शेवटी जेवायचं, उरलंसुरलं खायचं ही पद्धत. खेळाडू मुलीला ही पद्धत परवडत नाही.

उपवासाचंही बघा. सोमवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्र हे आपल्या घरात चालतंच, त्याला कुणी नाव ठेवत नाही. पण मुलीचे किंवा मुलाचे उपवास अचानक वाढले, दर दोन दिवसांनी काहीतरी निमित्त निघतंय, आणि उपवासाचंही ती खात नाही, तर तो उपवास देवाचा आहे की वजनाचा, हे आईनं प्रेमानं विचारून घ्यावं.

सवय कधी आजार होते

स्पर्धा संपली की पोर पुन्हा नीट जेवायला लागतं, तोवर ती वाईट सवय आहे. स्पर्धा नसतानाही खाण्याची भीती वाटते, आरशात बघून आपण जाडच आहोत असं वाटतं, तेव्हा तो आजार झालेला असतो. जेवण जवळजवळ बंद करणं हा एक प्रकार, त्याला डॉक्टर अॅनोरेक्सिया म्हणतात. एकदम खूप खाणं आणि मग उलटी काढणं किंवा जुलाब घेणं हा दुसरा, त्याला बुलिमिया म्हणतात. हे नाटक नाही, हट्ट नाही आणि बाहेरची बाधा तर नाहीच. मनाचा आणि शरीराचा आजार आहे, उपचारानं बरा होतो, पण जितका उशीर तितकं अवघड.

याची ठिणगी अनेकदा एका शब्दानं पडते. अमेरिकेची जिम्नॅस्ट क्रिस्टी हेन्रिक हिला एका परीक्षकानं वजन कमी कर असं सांगितलं होतं. तिनं खाणं सोडत नेलं आणि १९९४ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी ती गेली. शब्द एकट्यानं जीव घेत नाही, पण कुणाच्या मनात तो कुठं जाऊन बसेल हे सांगता येत नाही.

ही लक्षणं दिसली तर थांबा

• सगळ्यांबरोबर जेवायला टाळणं, "मी तालमीत खाल्लं" असं सारखं सांगणं
• जेवण झालं की लगेच मोरीत किंवा शौचालयात जाणं
• दिवसातून चार-पाच वेळा वजन करणं
• गर्मीत जाड कपडे घालून पळणं, सराव संपल्यावर चोरून पुन्हा पळणं
• सारखी चक्कर, थंडी वाजणं, केस गळणं, झोप न लागणं
• दम कमी होणं, आधी जमणारे डाव न जमणं, अभ्यासात लक्ष न लागणं
• पाळी चुकणं, एकच हाड सारखं दुखणं
• आधी हसतंखेळतं पोर गप्प गप्प राहणं

एखाद्या लक्षणानं घाबरून जायचं कारण नाही. दोन-तीन एकत्र दिसली तर मात्र वाट बघू नका.

वस्ताद आणि क्रीडा शिक्षकांच्या हातात काय आहे

पोरं आईबापाचं ऐकणार नाहीत इतकं वस्तादांचं ऐकतात. म्हणून प्रतिबंधाचं अर्ध काम तालमीतच होतं.

१. वजनगट हंगामाच्या सुरुवातीला ठरवा, स्पर्धेच्या आठवड्यात नको. पोर नीट खाऊन-पिऊन जेवढं भरतं त्याच्या जवळचा गट त्याचा. वाढत्या वयात सहा महिन्यांत वजन वाढणारच. गेल्या वर्षी ४५ किलोत खेळला म्हणून यंदाही ४५ मध्येच बसवायचा आग्रह धरू नका.

२. वजन सगळ्यांसमोर करू नका आणि आकडा ओरडून सांगू नका. मुलींचं वजन शिक्षिकेनं, आडोशाला करावं.

३. "जाड्या", "म्हैस", "बोजा झालास" असे शब्द मैदानावर बंद. डाव, दम, चपळाई यावर बोला.

४. रेनकोट, प्लास्टिकचा कागद, जुलाब, थुंकून वजन उतरवणं, पाणी तोडणं या गोष्टींना तालमीत सरळ मनाई करा. पोरानं लपून केलं तर शिक्षा नको, बसवून समजावा.

५. सराव करताना पाणी पिणं म्हणजे नाजूकपणा, हा समज काढून टाका.

६. आजारी वाटणाऱ्या खेळाडूला संघातून हाकलू नका. "तू बरा हो, तुझी जागा आहे" हे सांगा. जागा जाईल या भीतीनंच पोरं लपवतात.

रोजच्या ताटात काय असावं

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार १६ ते १८ वयाच्या मुलाला दिवसाला सुमारे ३३०० आणि मुलीला सुमारे २५०० कॅलरी लागतात. १३ ते १५ वयात मुलाला सुमारे २८५० आणि मुलीला २४००. जोरात सराव करणाऱ्याला याहून जास्तच. कॅलरी मोजत बसायची गरज नाही, मोजण्याची सवयसुद्धा काही पोरांना आजाराकडं नेते. दिवसातून पाच वेळा खाल्लं जातंय का, एवढं बघा.

सकाळी सरावाआधी एक-दोन केळी किंवा गूळ-शेंगदाणे. सराव झाल्यावर अर्ध्या-एक तासात दूध आणि अंडी, अंडी चालत नसतील तर मोड आलेली मटकी किंवा फुटाणे. दुपारी भाकरी, डाळ किंवा पिठलं, पालेभाजी, ताक. संध्याकाळी शेंगदाण्याचा लाडू किंवा तिळगूळ. रात्री पुन्हा भाकरी किंवा भात, हुलग्याची किंवा मटकीची उसळ, शेंगाची चटणी. ज्वारी, शेंगदाणे, हुलगा, मटकी, तीळ हे सगळं आपल्याच रानातलं आहे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात. हजारो रुपयांच्या डब्याची या वयात गरज नाही, शिवाय अशा काही डब्यांत बंदी असलेली भेसळ सापडते.

पालेभाजीवर लिंबू पिळा, लोह जास्त लागू पडतं. जेवणाबरोबर चहा नको, लोह अडतं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुलामुलींनी टाकून देऊ नये.

लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर पाणी पुरतंय. गडद असेल तर कमी पडतंय.

घरी बोलायचं कसं

पोराला पकडून "तू जेवत का नाहीस?" असं दरडावलं तर ते आणखी लपवतं. एकांतात, जेवणाची वेळ सोडून बोला. "बाळा, हल्ली तू दमलेला दिसतोस. काही टेन्शन आहे का? वजनाचं कुणी काही बोललं का?" एवढं पुरतं. मग गप्प बसून ऐका. "आमच्या वेळी आम्ही असं नव्हतो" हे नको. शेजारच्या पोराशी तुलना नको. "चार घास खाल्ले की सगळं ठीक होईल" हेही नको, कारण आजार झाला असेल तर चार घासच त्याला डोंगराएवढे वाटत असतात.

आजी-आजोबा, काका-मावशी यांनाही सांगून ठेवा की पोराच्या अंगावरून चेष्टा करायची नाही. आणि पदक हुकलं तरी घरात त्याचं ताट तसंच वाढलं जाईल, हे त्याला दिसू द्या.

मदत कुठं मिळेल

पहिल्यांदा प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा करमाळ्याच्या सरकारी रुग्णालयात दाखवा. वजन, उंची, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन एवढी तपासणी तरी करून घ्या. आशाताईंना विचारलं तर किशोरवयीन मुलामुलींसाठी सल्ला कुठं आणि कधी मिळतो ते त्या सांगतील. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस ही फुकट फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. कुणी मुलावर जबरदस्ती करत असेल, उपाशी ठेवत असेल, तर १०९८ या चाइल्डलाइनला फोन करता येतो.

सरावात पोर बरळायला लागलं, अंग भाजल्यासारखं तापलं, शुद्ध हरपली किंवा छातीत धडधड थांबेना, तर १०८ ला फोन लावा. गाडी येईपर्यंत सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर थंड पाणी ओता आणि वारा घाला. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

बरेच दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या पोराला घरीच एकदम पोटभर खाऊ घालू नका, त्यानंही रक्तातले क्षार बिघडतात. डॉक्टरांना विचारून हळूहळू वाढवा.

यंदाच्या तालुका स्पर्धेआधी प्रत्येक शाळेनं आणि तालमीनं पालकांना एक तास बोलावून वजनगट त्यांच्यासमोर ठरवले, तर यातल्या बऱ्याच गोष्टींची वेळच येणार नाही. काट्यावर बसेल असं पोर बनवायचं नाही, पोराला बसेल असा गट शोधायचा. वरच्या गटात पहिल्या वर्षी हार होईल, पण पोट भरलेलं पोर पुढच्या वर्षी पुन्हा लांग बांधेल.